वर्गात अकरा भाषा आणि चार महिने गप्प बसलेला मुलगा

पत्र असं आलंय:

"ताई, मी चौदा वर्षं भाषा शिकवतेय. यंदा पहिल्यांदाच असा वर्ग मिळालाय की ३१ मुलांच्या घरी मिळून ११ भाषा बोलल्या जातात. मी शिकवते ती भाषा बहुतेकांची दुसरी आहे, काहींची तर तिसरी. एका मुलाला येऊन चार महिने झाले, अजून एक शब्द बोललेला नाही. एक मुलगी मधल्या सुट्टीत फडाफडा बोलते पण पेपर कोरा ठेवते, सहशिक्षक म्हणतात आळशी आहे. चुका सुधारायला गेलं की मुलं अजूनच गप्प होतात. शाळेने 'वर्गात फक्त शाळेचीच भाषा' असा बोर्ड लावलाय, आपल्या भाषेत कोण बोललं त्याचं नाव मॉनिटर फळ्यावर लिहितो. आणि पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे, तिथे पालकांना 'घरीही शाळेचीच भाषा बोला' असं मी सांगावं अशी अपेक्षा आहे. मला ते मनातून पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाही. माझं कुठे चुकतंय?"

प्रिय बाई,

मी स्वतः सव्वीस वर्षं वर्गात बाई होते, म्हणून हक्काने बाई म्हणते. तुम्ही कुठली भाषा शिकवता ते पत्रात लिहिलेलं नाही आणि त्याने फारसं अडतही नाही, कारण हा प्रश्न जगात जिथे जिथे मुलं एका भाषेच्या घरातून दुसऱ्या भाषेच्या शाळेत जातात तिथे तिथे असाच येतो. तुमचं काय चुकतंय ते पुढे येईलच, पण जे पटत नाहीये ते न पटणंच बरोबर आहे एवढं आधी सांगून टाकते, म्हणजे निदान आज रात्री झोप लागेल.

आधी तो गप्प मुलगा.

माझ्याही वर्गात असाच एक होता. पाच महिने तोंडातून आवाज नाही. मी प्रगतीपुस्तकात 'सहभाग नाही' असं लिहिलं, ते दोन शब्द आजही डोळ्यासमोर येतात. मग एकदा विज्ञानाच्या तासाला सेल, वायर आणि बल्ब वाटले होते, मी नुसती मदतीला उभी होते. त्याच्या गटाचा बल्ब काही केल्या लागेना, सगळे वायर बल्बच्या बुडालाच दोन्हीकडून लावत होते. याने शांतपणे वायर हातात घेतली, एक टोक बल्बच्या बाजूच्या धातूला टेकवलं आणि म्हणाला, "तिथे नाही, इथे." बल्ब लागला. पोरं ओरडली, तो परत गप्प. मी त्याची वही मागून घेतली. मागच्या चार पानांवर त्याच्या लिपीत, त्याच्या घरच्या लिपीत, एकाखाली एक काहीतरी लिहिलेलं होतं. मला वाचता येईना म्हणून त्यालाच वाचायला सांगितलं, तर तो हळूच वाचायला लागला: चला. बरं. पुढचं पान. गप्प बसा. कोण सांगेल. शाब्बास. पाच महिने मी वर्गात जे जे बोलत होते ते तो उतरवून घेत होता, बाई. आणि मी लिहिलं होतं सहभाग नाही.

नव्या भाषेत पडलेल्या मुलांचा असा एक गप्प काळ असतो, भाषा शिकण्यावर काम करणाऱ्यांनी त्याची नोंद फार आधीपासून केलेली आहे आणि स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या दशकात त्यावर बरंच लिहिलं. काहींचा तो काळ दोन आठवड्यांत संपतो, काहींना पाच-सहा महिने लागतात, कधी त्याहूनही जास्त. त्या काळात मूल रिकामं बसलेलं नसतं. ते आवाज वेगळे करत असतं, कुठे शब्द संपतो कुठे सुरू होतो ते शोधत असतं, कोण कोणाला काय म्हणतं आणि त्यावर काय होतं ते बघत असतं. क्रॅशन यांची दुसरी एक गोष्ट मला वर्गात फार खरी वाटली, ती म्हणजे भीती, लाज, टेन्शन असलं की कानावर आलेली भाषा आत उतरतच नाही, मध्ये जणू गाळणी बसते. म्हणजे त्याला उभं करून "बोल की रे, बोल, घाबरू नकोस" म्हणणं हे नेमकं ती गाळणी घट्ट करणारं आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

मग करायचं काय, तर न बोलता उत्तर देता येईल असे प्रश्न रोज त्याच्यासाठी ठेवायचे. चित्रावर बोट ठेव, हे कार्ड कुठे जाईल ते लाव, बरोबर असेल तर हिरवं चूक असेल तर लाल दाखव, काढून दाखव, करून दाखव. हे सगळ्या वर्गालाच द्या म्हणजे तो एकटा वेगळा पडत नाही, आणि तुम्हालाही कळतं की त्याला किती समजतंय, जे बहुतेक वेळा आपल्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त निघतं. बोलायचा पहिला प्रसंग ३१ जणांसमोर नको, एका जोडीदारासोबत असू दे. आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. खरंच थांबा. मेरी बड रो नावाच्या संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमधली रेकॉर्डिंग ऐकून मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी साधारण एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात नाहीतर दुसऱ्याला विचारतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात. ही झाली स्वतःच्या भाषेत शिकणाऱ्या मुलांची गोष्ट. ज्याला प्रश्न आपल्या भाषेत आणायचा, उत्तर शोधायचं, परत तुमच्या भाषेत न्यायचं आणि उच्चार जमवायचा, त्याला तीनही पुरत नाहीत. मी मनात सात आकडे मोजायचे, सुरुवातीला ती शांतता अंगावर यायची, नंतर सवय झाली.

एक मात्र तपासून घ्या आणि लवकर घ्या. घरी आपल्या भाषेत तो नीट बोलतो का हे आईवडिलांना विचारा. घरी मोकळा बोलत असेल आणि शाळेत खाणाखुणा, हसणं, बघणं, खेळणं हळूहळू वाढत असेल तर वाट बघायला हरकत नाही. घरच्या भाषेतही बोलणं कमी असेल तर आधी कान तपासायला सांगा, मग वाणी-उपचार तज्ज्ञाकडे पाठवा. आणि घरी भरपूर बोलतो पण शाळेत महिनोन् महिने हालचालसुद्धा ताठर, खूणही करत नाही असं असेल तर तो भाषेचा प्रश्न नसून आतल्या भीतीचा असू शकतो, तेही तज्ज्ञानेच बघायचं काम आहे, आपण अंदाज करत बसायचं नाही.

आता ती मुलगी, जिला आळशी म्हणतात. हा शब्द स्टाफरूममध्ये कोणी वापरला ना की मला आजही त्रास होतो.

टोरंटोचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक फरक मांडला आणि दुसरी भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो मनात ठेवावा असं मला वाटतं. खेळायची, भांडायची, डबा मागायची भाषा वेगळी आणि पुस्तकाची, पेपरची, कारणं देण्याची भाषा वेगळी. पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसरीत आपल्या वयाच्या मुलांची बरोबरी गाठायला पाच ते सात वर्षं लागतात. पाच ते सात, बाई. मैदानावर तिच्या मदतीला सगळं असतं, चेहरा, हात, समोरची वस्तू, समोरच्याने अर्धवट सोडलेलं वाक्य. पेपरात यातलं काहीच नसतं, नुसती अक्षरं. त्यामुळे तिची फडाफड ऐकून आपल्याला वाटतं की हिला भाषा येते मग लिहीत का नाही, आणि तिथेच आपण फसतो.

मराठीचंच उदाहरण घेऊ म्हणजे आपल्या दोघींना लगेच दिसेल. 'पाणी गरम केलं की वाफ होते' हे मैदानावरचं मराठी. 'उष्णता दिल्यास पाण्याचे बाष्पात रूपांतर होते' हे पुस्तकातलं. माहिती तीच. दिल्यास, बाष्पात, रूपांतर, यातला एक शब्द तरी कुठलं पोर मधल्या सुट्टीत वापरतं का. आणि त्याच्यावर प्रश्न काय येतो तर 'स्पष्ट करा', 'तुलना करा', 'कारणे द्या', 'थोडक्यात टीप लिहा'. टीप म्हणजे किती, तुलना म्हणजे नेमकं काय लिहायचं, हे आपण कधी शिकवलेलंच नसतं, ते येतच असणार असं धरून चाललेलो असतो. गणितात 'प्रत्येकी' आणि 'शिल्लक' या दोन शब्दांवर गणित येणारी मुलं अडकलेली मी बघितली आहेत. आकड्यांचंही तेच, मराठीत चोवीस म्हणताना चार आधी येतो मग वीस, जर्मनमध्येही तसंच, इंग्रजीत उलटं. एका पद्धतीत वाढलेलं मूल दुसऱ्या पद्धतीत ऐकून ४२ लिहितं आणि आपण म्हणतो गणित कच्चं आहे.

तिच्यासाठी मी एक साधा प्रयोग सुचवते. कोऱ्या पेपरमधला एक प्रश्न घ्या आणि तिला शेजारी बसवून तोंडी विचारा, साध्या भाषेत, हवं तर चित्र काढून. मग तोच प्रश्न तिच्या घरच्या भाषेत विचारायला तिच्याच भाषेच्या एखाद्या मोठ्या मुलीला सांगा. उत्तर आलं तर विषय तिला येतोय, अडलंय ते भाषेत, आणि हे सहशिक्षकांना समोर बसवून ऐकवा. त्यानंतर प्रत्येक धड्याआधी पाच-सहाच शब्द निवडून शिकवायचे, पंधरा-वीस नको. बाष्पसारखा विषयाचा शब्द आपण सगळेच शिकवतो, राहतात ते जोडशब्द, 'त्यामुळे', 'याउलट', 'जरी तरी', 'परिणामी', खरं काम तिथे आहे. अर्धी वाक्यं लिहून द्या: "मला असं वाटतं कारण…", "दोन्हींमध्ये सारखं हे आहे की…, पण फरक असा की…". काही शिक्षकांना ही चिटिंग वाटते. भिंत बांधताना परांची लावतात आणि भिंत उभी राहिली की काढतात, तेवढंच हे आहे. आणि तिला स्वतःहून वाचायला देणार असाल तर सोपं द्या, मनापासून सांगते, सोपंच द्या. कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायचं तर मजकुरातले शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे लागतात असं हू आणि नेशन यांच्या २०००च्या अभ्यासात दिसलं होतं. म्हणजे पन्नासात एक अनोळखी शब्द चालेल. आपली क्रमिक पुस्तकं या मुलांसमोर एका ओळीत तीन-तीन टाकतात आणि मग आपण म्हणतो वाचनाची आवडच नाही.

चुका सुधारण्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचून मला वाटलं की तुम्ही प्रत्येक चूक पकडताय, चौदा वर्षांची सवय आहे, होतं असं. पण या मुलांची चूक जरा थांबून बघा. मराठी शिकणारं मूल 'मी करलं' म्हणतं. ते कोणाकडून ऐकलं त्याने? कोणीच असं बोलत नाही. बसलं, वाचलं, धरलं यावरून त्याने स्वतः नियम काढला आणि लावला, म्हणजे डोकं अगदी नीट चालतंय. बंगालीत व्याकरणातलं लिंग नसतं म्हणून बंगाली घरातलं मूल 'माझा आई' म्हणून जातं. ज्याच्या भाषेत 'हम' किंवा 'वी' एकच आहे त्याला 'आम्ही' आणि 'आपण' यातला फरक कितीतरी दिवस सापडत नाही, एकदा एक मुलगी मला म्हणाली "बाई, आपण उद्या मामाकडे जाणार" आणि मी क्षणभर विचारात पडले की मीसुद्धा का. रशियन बोलणारा इंग्रजीतले 'अ' आणि 'द' गाळतो कारण त्याच्या भाषेत ते नाहीतच, स्पॅनिशवाला 'स्कूल'च्या आधी 'ए' लावतो. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये या मधल्या भाषेला नाव दिलं, इंटरलँग्वेज, आणि म्हटलं की हिला स्वतःची व्यवस्था असते, ही बिघडलेली भाषा नव्हे. तुमच्या वर्गात अशा ३१ मधल्या भाषा चालू आहेत आणि प्रत्येक चूक म्हणजे मूल आत्ता कुठे पोचलंय त्याचा पत्ता आहे.

याचा अर्थ सुधारूच नका असा मी अजिबात म्हणत नाही. मुलांना सुधारून हवं असतं. फक्त कधी आणि कसं ते बघा. मूल काहीतरी महत्त्वाचं सांगत असेल, आजी आजारी आहे, कुत्र्याला पिल्लं झाली, तेव्हा व्याकरण बाजूला. आजच्या तासाचा जो मुद्दा आहे तेवढ्याच चुका आज धरा. आणि आपण सगळे करतो ते म्हणजे मुलाचं वाक्य बरोबर करून परत म्हणतो, 'मी काल जाला', 'हो का, तू काल गेलास होय'. हे प्रेमळ आहे पण मुलाला ते दुरुस्ती म्हणून ऐकूच येत नाही, त्याला वाटतं बाई हो म्हणाल्या. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांमध्ये हे मोजलं होतं, १९९७ चा अभ्यास आहे. शिक्षकांच्या निम्म्याहून जास्त दुरुस्त्या या प्रकारच्या होत्या आणि त्यातल्या जेमतेम ३१ टक्क्यांवर मुलांनी काही प्रतिसाद दिला. जिथे शिक्षकाने बरोबर उत्तर स्वतः न देता मुलाकडून काढून घेतलं, "काल तू…?" म्हणून थांबले, तिथे मुलं स्वतः काहीतरी बोलली. सोपं आहे, फक्त थांबायला लागतं. परत थांबणंच आलं.

आता तो बोर्ड.

एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या अनेक शाळांमध्ये एक लाकडाचा तुकडा असायचा, त्याला 'वेल्श नॉट' म्हणत. जे मूल वेल्श बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात तो अडकवायचा, मग त्याने दुसरं कोणी वेल्श बोलताना पकडलं की तुकडा त्याच्या गळ्यात, आणि दिवसाअखेरीस ज्याच्या गळ्यात असेल त्याला शिक्षा. अगदी तशीच पाटी जपानच्या ओकिनावामध्ये होती, तिथली बोली बोलणाऱ्या मुलांसाठी. दोन जागा पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांशी काही संबंध नाही, आणि सुचलं तेच. मुलाला मुलावर लक्ष ठेवायला लावायचं. तुमच्या मॉनिटरच्या हातातला खडू बघा आता. तुमच्या मुख्याध्यापकांच्या मनात असं काही वाईट नसणार, मुलांनी लवकर शिकावं म्हणूनच लावला असेल बोर्ड, मला त्याबद्दल शंका नाही. पण फळ्यावर नाव आलं की मूल शिकतं काय, तर आई जे बोलते त्याची लाज वाटली पाहिजे. शाळेची भाषा त्याने एका शब्दानेही वाढत नाही.

आणि त्याच वेल्समध्ये १९९०च्या दशकात केन विल्यम्स या शिक्षणतज्ज्ञाने वेल्श आणि इंग्रजी दोन्ही एकाच तासात मुद्दाम वापरायची पद्धत मांडली, एका भाषेत वाचायचं आणि दुसऱ्या भाषेत त्यावर बोलायचं किंवा लिहायचं. आज जगभर जिला ट्रान्सलँग्वेजिंग म्हणतात ती कल्पना तिथून निघाली. ज्या मातीत गळ्यात तुकडा अडकवला त्याच मातीतून हे आलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. यामागची गोष्ट अगदी साधी आहे: मूल एका भाषेत वाचायला शिकलं की वाचणं म्हणजे काय हे त्याला परत शिकावं लागत नाही. अपूर्णांक त्याला घरच्या भाषेत कळला असेल तर नव्या भाषेत फक्त शब्द लागतो. ती आधीची भाषा दाराबाहेर ठेवली की तिच्याबरोबर ते सगळंच बाहेर राहतं आणि दहा वर्षांचं मूल वर्गात येऊन चार वर्षांचं होऊन बसतं.

तुम्ही म्हणाल मला अकरा भाषा कुठे येतात. यायची गरज नाही हो. मला तीनच यायच्या. गटात आपापल्या भाषेत आधी दोन मिनिटं चर्चा करू द्यायची, मग उत्तर शाळेच्या भाषेत. ती दोन मिनिटं ते काय बोलले मला कळायचं नाही, पण नंतरचं उत्तर ऐकलं की कळायचं की कामाचंच बोलले. नव्या शब्दांची वही करताना तीन रकाने, शाळेचा शब्द, घरचा शब्द, चित्र. घरचा शब्द माहीत नसेल तर घरी विचारून आण, यात आजीआजोबासुद्धा अभ्यासात येतात. एखादी छोटी गोष्ट दोन भाषांत लिहून घ्या, डावीकडच्या पानावर घरची उजवीकडे शाळेची, कमिन्स यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या शिक्षकांनी कॅनडात हे मोठ्या प्रमाणावर केलं आणि मुलं ती पुस्तकं घरी नेऊन दाखवायची. एकाच भाषेची दोन मुलं वर्गात असतील तर नव्याला जुन्याच्या शेजारी बसवा. फक्त जुन्याला कायमचा दुभाषा करू नका, त्याचाही अभ्यास असतो.

गटकामाबद्दल एक सांगते. गट केले की होतं काय, भाषा येणारी दोन मुलं सगळं काम करतात आणि बाकीचे रंग भरतात. याला उपाय मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांचा जिगसॉ, १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांमध्ये सुरू केलेला. वेगवेगळ्या समाजाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि भांडणं चालली होती. त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. आता बाकीच्यांचा तुकडा कळायचा तर त्यांचं ऐकल्याशिवाय इलाज नाही. त्यात एक मुलगा होता, इंग्रजी ही त्याची दुसरी भाषा, बोलताना अडखळायचा आणि मुलं चिडवायची. काही दिवसांनी मुलांच्या लक्षात आलं की चिडवून त्याच्याकडून माहिती निघत नाही, परीक्षा तर आपलीच आहे, मग ती त्याला नीट प्रश्न विचारायला लागली आणि तो बोलायला लागला. तुमच्या गप्प मुलाला असा तुकडा द्या जो चित्राचा, आकृतीचा किंवा करून दाखवायचा असेल. त्याच्यावाचून गटाचं अडलं पाहिजे, एवढं बघा.

आणखी एक, घाईत सांगते पण महत्त्वाचं आहे. भाषेबरोबर वागणंही येतं. मोठं माणूस बोलत असताना खाली बघायचं हे काही घरांत शिकवलेलं असतं, आणि आपण वर्गात ओरडतो की माझ्याकडे बघ. काही घरांत मोठ्यांना प्रश्न विचारणं उद्धटपणा असतो, मग "कोणाला शंका?" म्हटल्यावर हात कसा वर येईल. "समजलं का?" याला तर सगळी मुलं होच म्हणतात, तो प्रश्नच सोडून द्या, "करून दाखव" म्हणा. अरबी किंवा उर्दू लिपीत वाचायला शिकलेलं मूल वही दुसऱ्या बाजूने उघडतं, ते निष्काळजी नसतं. आणि कृपा करून एखाद्या मुलाला त्याच्या सगळ्या समाजाचा वकील करू नका, "तुमच्यात काय करतात रे?" हे नव्या मुलाला फार जड जातं, त्याला तुमच्यात यायचं असतं.

राहिली पालकसभा. इथे तुम्हाला ठामपणे उभं राहायला लागेल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पालकांना जर सांगितलं घरी शाळेचीच भाषा बोला, तर जे पालक ती भाषा मोडकीतोडकी बोलतात ते मुलाशी मोडकंतोडकं बोलतील आणि हळूहळू कमी बोलतील. आई गोष्ट सांगणार नाही कारण त्या भाषेत तिला गोष्ट येत नाही. रागावण्यापुरती आणि जेवायला बोलावण्यापुरती भाषा घरात उरेल. लिली वाँग फिलमोर यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या अशा कुटुंबांवर लिहिलं होतं, मुलं शाळेची भाषा शिकता शिकता घरची विसरली आणि मग आईवडिलांशी धड बोलायला भाषाच उरली नाही, वयात येताना, नेमकं बोलायची गरज असते तेव्हा. युनेस्कोने तर १९५३ सालीच म्हटलं होतं की मुलाचं शिक्षण मातृभाषेत सुरू व्हावं. म्हणजे तुम्ही सभेत जे म्हणणार आहात ते काही बंडखोर किंवा नवं नाही, सत्तर वर्षं जुनं आहे, हे मुख्याध्यापकांना सभेच्या आधी, एकट्यात, शांतपणे सांगा. सभेत सगळ्यांसमोर नको, तिथे त्यांना माघार घेता येणार नाही. बोर्ड काढा असंही पहिल्याच दिवशी म्हणू नका. म्हणा की एक सत्र माझ्या वर्गापुरतं फळ्यावर नावं लिहिणं बंद ठेवते आणि सत्राच्या शेवटी मुलांच्या वह्या तुम्हाला आणून दाखवते. वह्या दाखवल्या की बरंच काम होतं, हा माझा अनुभव आहे.

आणि पालकांना काय सांगायचं, तर हे: तुम्हाला जी भाषा सगळ्यात चांगली येते तिच्यात मुलाशी भरपूर बोला. रोज संध्याकाळी विचारा की आज शाळेत काय शिकलास ते मला आपल्या भाषेत समजावून सांग. गोष्टी सांगा, जुने किस्से सांगा, वाचता येत असेल तर तुमच्या लिपीत वाचून दाखवा. शाळेची भाषा शिकवणं हे आमचं काम, ते आम्ही करू. हे वाक्य म्हणाल तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघा, कितीतरी जणांना तोपर्यंत आपली भाषा हा मुलाच्या वाटेतला दगड वाटत असतो. सभेला दोन-तीन भाषांमध्ये सांगणारं कोणीतरी हवंच, ते पालकांतूनच मिळेल, पण लहान मुलाला आईबापांचा दुभाषा म्हणून उभं करू नका, निदान त्याच्या प्रगतीबद्दल बोलताना तरी नको.

गप्प मुलाचे आईवडील आले की त्यांना बाजूला घ्या आणि त्याचं नाव नेमकं कसं म्हणायचं ते त्यांच्याकडून चार वेळा म्हणवून घ्या. मला माझ्या त्या मुलाचं नाव पाच महिने चुकीचं म्हटल्याचं असंच एका सभेत कळलं, त्याच्या आईने हाक मारली तेव्हा. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मी ते नीट म्हटलं. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "हजर."